सातवा रकाना

वहरान शहरात वायरमनचा परवाना हवा असलेल्या माणसाला वीज कळली पाहिजे, अशी अट नियमावलीत शोधूनही सापडत नाही. त्याचा जन्मदाखला तीन महिन्यांहून जुना नसावा (जणू जन्माची तारीख ठेवून दिली की नासते), फोटोमागची भिंत पांढरी असावी, आणि ज्या मालेमच्या, म्हणजे उस्तादाच्या, हाताखाली त्याने किमान पाच वर्षं काम शिकलं त्याने अनुभवाच्या दाखल्यावर सही करावी, या अटी मात्र ठळक अक्षरांत छापलेल्या आहेत. कुइदरने पहिल्या दोन अटी एका दुपारीत उरकल्या. तिसरीसाठी त्याला एकोणीस वर्षं मागे जायचं होतं, आणि तिकडची वाट त्याने स्वतःच बुजवून टाकली होती.

त्याचं वय चव्वेचाळीस. शहराच्या निम्म्या नव्या इमारतींच्या भिंतींतून त्याने ओढलेल्या तारा धावत होत्या. पण त्या कामांखाली सही असायची ती कुठल्या ना कुठल्या परवानाधारकाची, ज्याने पक्कड अखेरची केव्हा हातात धरली होती हे त्यालाही आठवलं नसतं. व्यवस्था जुनी होती आणि सगळ्यांच्या सोयीची होती. त्या वसंतात नवा नियम आला: ज्याच्या हातचं काम त्याच्याच नावाचा परवाना, नाहीतर वीज कंपनी मीटर देणार नाही. नियम शहाणा होता, म्हणूनच कुणाला त्याचा अंदाज आला नव्हता. कुइदरची तीन कामं अर्ध्यावर थांबली. घरी तीन मुलं होती, आणि या हातांना दुसरं काही येत नव्हतं.

नियमावलीत नसलेली, पण रिवाजाने चालत आलेली एक प्रात्यक्षिक परीक्षा होती; तीत तो पहिला आला. दीड तासाचा बोर्ड त्याने चाळीस मिनिटांत जोडला आणि उरलेल्या वेळात प्रत्येक जोड पुन्हा तपासला. गावात त्याचं नावच 'कुइदर पुन्हा-बघ' पडलं होतं. मेलेल्या तारेलाही हा दोनदा टेस्टर लावतो, याच्या लग्नात काजीला वचनं दोनदा म्हणावी लागली असणार, अशी त्याची थट्टा चाले. तो हसून घेई. एखाद्याचा सद्गुण कुठून उगवला हे लोक विचारत नाहीत, हे त्या सद्गुणी माणसाचं भाग्य.

अनुभवाच्या दाखल्यावर सात रकाने होते. सहांत नावं, तारखा, वर्तणूक, हजेरी. सातवा असा: 'सदर उमेदवाराच्या हातून या काळात प्राणघातक अपघात घडला आहे काय? होय / नाही. होय असल्यास तारीख, ठिकाण व मृताचे नाव.'

घडला होता.

त्या ऑगस्टमध्ये कुइदर पंचवीस वर्षांचा होता आणि मालेम बेनऔदाच्या हाताखाली त्याचं सहावं वर्ष चालू होतं. सेंत-पियेर भागात फ्रेंचांनी बांधलेल्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, एका कुटुंबाने कपडे धुण्याचं नवं मशीन घेतलं होतं. मालेमला त्या दुपारी कुणाच्या तरी मयतीला जायचं होतं, म्हणून कुइदर एकटाच गेला. स्वयंपाकघरातली जुनी जोडपेटी उघडली तर आत तीन तारा: राखाडी, पिवळी, हिरवी. प्रशिक्षण केंद्रातल्या पुस्तकात हिरवी म्हणजे अर्थिंग. परंतु ज्यांनी ही इमारत बांधली त्यांच्या काळी हिरव्या तारेतून जिवंत वीज वाहत असे. साम्राज्यं जाताना आपले झेंडे उतरवून नेतात; भिंतींत पुरलेले रंग उतरवायला कुणी थांबत नाही. मालेम बेनऔदा याच कारणासाठी रोज एकदा तरी बजावत असे की तारेला रंग विचारू नये, टेस्टरला विचारावं.

कुइदरने टेस्टरला विचारलं होतं. टेस्टर पेटला नाही, कारण त्या दुपारी सगळ्या मोहल्ल्याची वीज गेली होती. वीज येईपर्यंत थांबणं एवढंच करायचं होतं. पण पावणेपाचला स्टेडियमवर सामना होता, आणि तिकीट खिशात होतं. त्याने मशीनच्या पत्र्याच्या अंगाला हिरवी तार जोडली, घरच्या बाईने दिलेलं लिंबाचं सरबत उभ्याउभ्या प्यायलं, आणि म्हणाला, "वीज आली की खुशाल लावा, लाल्ला." वीज साडेपाचला आली. बाईचे हात ओले होते.

पुढचं सारं मालेमने केलं. पोलिसांसमोर तो म्हणाला, जोड माझ्या हातचा आहे. परवाना नसलेल्या माणसाच्या हातून जीव गेला तर कित्येक वर्षांची कैद होती; परवानाधारकाच्या हातून गेला तर तो अपघात. कायद्याला मृत्यूपेक्षा कागदाची चाड जास्त, हे मालेमला ठाऊक होतं, आणि पुढच्याच महिन्यात कुइदरचं लग्न होतं हेही. मालेमला आठ महिन्यांची कैद झाली आणि परवाना कायमचा रद्द झाला. कुइदर पहिल्या वर्षी त्याला भेटायला लाजला. दुसऱ्या वर्षी पहिल्या वर्षाची लाज त्यात मिळाली. आणि असं व्याज चढत चढत एकोणीस वर्षं झाली.

आता मालेम बेनऔदा मदिना जदीदाच्या बाजारात, गादीवाल्याच्या दुकानाला टेकून मांडलेल्या टेबलावर इस्त्र्या आणि पंखे दुरुस्त करीत बसे. रद्द झालेल्या परवान्याचा मालेम रद्द होण्याआधीच्या वर्षांचा दाखला देऊ शकतो, हे कुइदरने परवाना कचेरीच्या खिडकीवरच्या कारकुनाकडून तीनदा खात्री करून घेतलं होतं. मालेमचं एक बुबुळ दुधासारखं झालं होतं. समोर कोण उभं आहे हे त्याने आवाजावरून ओळखलं, आणि ओळखल्यावर हातातला स्क्रू आधी त्याच्या जागी बसवला.

"बस," तो म्हणाला. "स्टूल हलतं. वायरमनचं स्टूल आहे, घाबरू नकोस."

त्याने कुइदरच्या बायकोची विचारपूस केली, मुलं किती ते विचारलं, धाकटीचं नाव ऐकून चांगलं आहे म्हणाला. एकोणीस वर्षांचा उल्लेख त्याने केला नाही, आणि तो करीत नाही हे कुइदरच्या मानेवर ओझ्यासारखं बसत गेलं. शिव्या दिल्या असत्या तर सोपं होतं. शिव्या खाऊन माणूस काहीतरी फेडल्याच्या समाधानात घरी जातो. शेवटी कुइदरने दाखला काढला आणि कशासाठी आलो ते सांगितलं.

"वाच," मालेम म्हणाला. "मला आता फक्त ठळक अक्षरं दिसतात. म्हणजे सरकारला हवं तेवढंच."

कुइदरने वाचायला घेतलं. उमेदवाराचं नाव. मालेमचं नाव आणि जुन्या परवान्याचा क्रमांक, जो मालेमने त्याच्याआधी तोंडपाठ म्हणून दाखवला. कामाचा काळ. कामाचं स्वरूप. वर्तणूक, तिथे मालेम म्हणाला, "उत्तम लिही." हजेरी, तिथेही उत्तम. सहावा रकाना संपला. सातवा कागदावर होता, कुइदरच्या अंगठ्याच्या नखाखाली, आणि तो वाचायला तोंड उघडलं तेव्हा त्यातून आलं ते, "खाली सही."

गादीवाला कापूस पिंजत होता.

"संपला?" मालेमने विचारलं.

"संपला."

"आधी लांब असायचा. मी तिघाचौघांना दिलेत."

"आता छोटा केलाय, मालेम."

"सरकारने काही छोटं केलेलं मी पहिल्यांदाच ऐकतोय," मालेम म्हणाला आणि हात पुढे केला. कुइदरने त्याचं बोट सहीच्या रेघेवर टेकवलं. त्याने सावकाश, पूर्ण नावाची सही केली. मग कॉफी मागवली. कुइदर ती उभ्याउभ्या प्यायला आणि निघाला.

ट्राममध्ये त्याने कागद गुडघ्यावर ठेवला आणि सातव्या रकान्यात निळ्या पेनाने 'नाही' यावर खूण केली. खूण सरळ, नेटकी आली. याचंच त्याला नंतर अधिक वाईट वाटत राहिलं.

परवाना समिती मंगळवारी बसे. तिघे जण होते, पण बोलत एकटे अध्यक्षच, ज्यांना सगळे आदराने सी तय्यब म्हणत. त्यांच्यापुढे फायलींवर कागदात गुंडाळलेली करांतिका, चण्याच्या पिठाची भाजलेली वडी, होती आणि दालनभर जिऱ्याचा वास सुटला होता. विजेच्या सुरक्षिततेची राखण करणाऱ्या या समितीच्या डोक्यावरचा दिवा पीळ मारून चिकटपट्टी लावलेल्या दोन उघड्या तारांवर लोंबत होता. कुइदरची नजर आत शिरताच तिकडे गेली, आणि नोकरशाही ही आपल्या छपराखाली आपलेच नियम लागू न पडण्याची कला आहे, हे ज्ञान त्याला शब्दांवाचून झालं.

सी तय्यबांनी प्रात्यक्षिकाचे गुण वाचून मान डोलावली. मग दाखल्यावरचं नाव त्यांनी लांब धरून वाचलं.

"बेनऔदा. हा तोच ना, सेंत-पियेरला बाई मारली तो?"

कारकून म्हणाला, तोच.

"त्याच्या हाताखाली सहा वर्षं काढून तू जिवंत राहिलास," सी तय्यब कुइदरला म्हणाले, "मग आणखी कसली परीक्षा घ्यायची तुझी?"

दोघे सदस्य हसले. वाईट हेतूने नव्हे. वरिष्ठ विनोद करतात तेव्हा हसायचं असतं म्हणून. सी तय्यबांनी शिक्क्याची पेटी उघडली. कुइदरला परवाना मिळाला होता. आता फक्त गप्प राहायचं होतं, आणि त्या कामाचा त्याला एकोणीस वर्षांचा अनुभव होता. पण ते हसू त्याच्या कानांत गेलं आणि बाहेर येईना. या शहराने इतकी वर्षं एका माणसावर असंच हसत काढली असणार: मयतीत, हजामाकडे, बाजारात, आणि ज्याच्यावर हसायला हवं होतं तो त्यांच्यासमोर स्वच्छ सदरा घालून उभा होता.

"तो जोड माझा होता," कुइदर म्हणाला.

सी तय्यबांचा शिक्का पेटीतच राहिला. आपण काही ऐकलंच नाही असं दाखवून त्यांनी त्याला माघारीची संधी दिली. कुइदरने घेतली नाही. सगळं सांगितलं, सामन्याचं तिकीटसुद्धा. अपघाताच्या फाइलमध्ये तुझं नाव नाही, असं सी तय्यब म्हणाले, जणू तो चुकून दुसऱ्याच्या घरात शिरला होता. प्रकरण बंद झालं, शिक्षा भोगून झाली, आता उकरून कुणाचं भलं होणार? कुइदर म्हणाला, मालेमचं. तेव्हा सी तय्यबांनी हात पुसले आणि कागद त्याच्याकडे सरकवला. त्यांच्या आवाजात राग नव्हता; शिस्त होती.

"मग लिही ना. सातवा रकाना आहे त्यासाठीच. पण पूर्ण लिही. अर्धवट दाखला समिती घेत नाही."

कुइदरने 'नाही' खोडलं, 'होय' वर खूण केली, बाजूला सही केली. तारीख लिहिली, ती त्याला स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की ठाऊक होती. ठिकाण लिहिलं, इमारतीच्या क्रमांकासह. मग पेन 'मृताचे नाव' या शब्दांपाशी आलं आणि थांबलं.

त्याला नाव ठाऊक नव्हतं.

त्याने आठवून पाहिलं. स्वयंपाकघर आठवलं, खिडकीतली पुदिन्याची कुंडी, सरबतात बाईने आधी विचारून घातलेली जास्त साखर. तिला त्याने लाल्ला म्हटलं होतं. आदराचा हा शब्द इतका सोयीचा असतो की तो वापरला की बाईला नाव असतं हे विसरता येतं. आणि नवऱ्याने तर त्याच्यासमोर तिचा उल्लेख 'घरचे' असाच केला होता, जसा कुठलाही भला माणूस करतो. खटल्याच्या दिवसांत मोहल्ला म्हणे 'ती बाई'. कुइदर मनात म्हणे 'ते'. एकोणीस वर्षं त्याचा अपराध रोज त्याच्याबरोबर जेवायला बसला होता, पण त्या अपराधाला चेहरा होता तो मालेमचा. जी मेली तिच्याबद्दल अपराधी वाटायची पाळी कधी आलीच नव्हती.

"काय झालं?" सी तय्यब म्हणाले.

त्याने सांगितलं. कारकुनाने जुनी फाइल काढली, उत्सुकतेने की दयेने कळलं नाही, आणि 'मृताचे नाव' या शब्दांपुढे बोट ठेवून वाचलं: 'बेलहाज अब्देलकादरची पत्नी, गृहिणी.' पुढची तीन पानं मशीनच्या वर्णनाची होती. त्याचा अनुक्रमांकही होता.

सी तय्यबांनी खुर्ची मागे सरकवली. गुरुवारी पुन्हा ये, ते म्हणाले. नाव भरून आणलंस तर परवाना नाही, या जन्मी तरी नाही. आणि शहाणपण सुचलं तर खिडकीवर कोरा फॉर्म मिळतो. बेनऔदाला पुन्हा सही करायला किती वेळ लागतो?

बाहेर आल्यावर कुइदरच्या मनात पहिल्यांदा आलं ते बाजारात जाऊन मालेमला विचारायचं. त्याला नाव ठाऊक असणार. जो आठ महिने एखाद्या मरणापायी कोठडीत बसतो तो ते शोधून काढतो. पण हेसुद्धा मालेमकडूनच उसनं आणायचं, या विचाराने त्याचे पाय वळले आणि सेंत-पियेरच्या चढाला लागले.

इमारत तशीच होती, बाल्कन्यांना आणखी गंज चढला होता. तिसऱ्या मजल्याच्या दारावर बेलहाज हेच नाव होतं. दार उघडलं ते पंचविशीच्या मुलीने. खांद्याला पर्स होती, चपला अजून पायांत होत्या; नुकतीच कामावरून आली असावी. तिने कुइदरकडे पाहिलं, मग त्याच्या हत्यारांच्या पिशवीकडे.

"चुकलात. आम्ही वायरमन बोलावला नाही," ती म्हणाली. "आणि बोलावला तर परवाना बघून आत घेतो."

"माझ्याकडे परवाना नाही."

"मग दारातही नको."

दार मिटायच्या आत त्याने सांगितलं की काम मागायला आलो नाही. मग थांबला, कारण पुढचं वाक्य त्याने चढ चढताना दहादा जुळवलं होतं आणि ते आता सापडत नव्हतं. परक्या बाईचं नाव तिच्या मुलीला उंबऱ्यावर विचारणं हा या गावात उद्धटपणा होता. ती मेलेली असेल तर आणखी. त्याने दाखला उलगडून तिच्या हातात दिला.

तिने तो पहिल्या रकान्यापासून वाचला, कुठेही घाई न करता. सातव्यापाशी आली तेव्हा तिचा चेहरा बदलला नाही. फक्त पर्सचा पट्टा तिने खांद्यावरून काढून हातात घेतला. बराच वेळ ती तारखेकडे पाहत राहिली.

"हे खोडलेलं अक्षर तुमचं?"

"हो."

"आणि हे होय?"

"तेही माझंच. तो दुसरा माणूस, ज्याला शिक्षा झाली, तो इथे आलाच नव्हता. मीच होतो. तुमच्या आईंनी मला सरबत दिलं होतं." हे शेवटचं का सांगितलं ते त्याला कळलं नाही, आणि सांगताच ते परत घ्यावंसं वाटलं.

"मी शेजारी होते खेळायला," ती म्हणाली. "सात वर्षांची." जिन्यात कुणीतरी चढत होतं. ते वर निघून जाईपर्यंत तिने दार अर्धं ओढून धरलं. आत कुठेतरी एक म्हातारा खोकला आणि कोण आहे म्हणून विचारलं. कुणी नाही, बाबा, असं तिने मागे न वळता सांगितलं.

"नाव भरायचं राहिलंय," कुइदर म्हणाला. "मला माहीत नाही. माहीत असायला हवं होतं."

तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला वाटलं, ती आता कागद फाडेल. फाडला असता तर त्याची सुटका झाली असती. कदाचित तिलाही ते दिसलं.

"पेन काढा," ती म्हणाली. "बद्रा. मृत्यूच्या दाखल्यावर खद्रा पडलंय, ते चूक आहे. आम्ही दोनदा अर्ज केला, कुणी सुधारलं नाही. बद्रा बिन्त मन्सूर, मन्सूरची मुलगी. तिचं स्वतःचं नाव लिहा, बाबांचं नको."

त्याने भिंतीला कागद टेकवून लिहिलं. पिशवी काखेत घसरत होती आणि अक्षर वाकडं येत होतं. ती शेजारी उभी राहून अक्षर अन् अक्षर बघत होती, आणि मन्सूरच्या अरबी अक्षरांतलं एक टिंब राहिलं तेव्हा तिने बोट ठेवून ते द्यायला लावलं. मग कागद त्याच्याकडे परत सरकवला.

"आता मिळेल तुम्हाला परवाना?"

"नाही. आता कधीच नाही."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.